पर, अर आणि नाम : मत्स्यालयातील मार्जारमीनांच्या ओळखीचा इतिहास

मत्स्यालयातील माशांची नावे हा विषय भाषेच्या अभ्यासकाने हाती घ्यावा काय, अशी शंका काही वाचकांना येणे स्वाभाविक आहे. प्राणिशास्त्र हे त्याचे क्षेत्र नव्हे आणि काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा छंद तर त्याहूनही दूरचा. परंतु नाम आणि नामी यांचा संबंध कोठे घट्ट राहतो, कोठे सैल पडतो आणि कोठे अजिबात तुटतो हे पाहावयाचे असेल, तर मिशा असलेल्या माशांच्या नावांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. या माशांची ओळख पटविण्याचे जे साधन शास्त्रज्ञांनी गेल्या तीन शतकांत सर्वांत अधिक वापरले ते म्हणजे पर. पराची लांबी, पराचा काटा, परातील अरांची संख्या, दोन परांमधील अंतर, या खुणांवरून जाती ठरल्या, मोडल्या आणि पुन्हा ठरल्या. बाजाराने मात्र परांकडे पाहिले नाही. त्याने एक सोयीचे नाव उचलले आणि ते डझनावारी जातींना सरसकट चिकटविले. त्याचे परिणाम आज आपल्या देशातील नद्यातळ्यांतून दिसत आहेत. म्हणून या प्रश्नाचा इतिहास थोडा तपशिलाने मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम शब्दांविषयी. माशाच्या ज्या अवयवाला आपण मराठीत ‘पर’ म्हणतो तो शब्द फारसीतून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ पीस किंवा पंख. इराणी भाषांतील त्याचे जुने रूप संस्कृत ‘पर्ण’ या शब्दाचे सख्खे भावंड होय, आणि ‘पर्ण’ या शब्दाचेच मराठी रूप ‘पान’. म्हणजे माशाचा पर, पक्ष्याचे पीस आणि झाडाचे पान ही तिन्ही एका कुळीची ठरतात. ग्रीक भाषेतही असेच घडले आहे. पंख आणि माशाचा पर या दोहोंसाठी त्या भाषेत जो शब्द आहे त्याचे संस्कृतमधील नाते ‘पत्र’ व ‘पतत्र’ यांच्याशी, आणि त्या सर्वांच्या मुळाशी उडणे या अर्थाचा ‘पत्’ हा धातू. पराला ताठपणा देणाऱ्या बारीक काड्यांना शास्त्रीय मराठीत ‘अर’ म्हणतात. चाकाच्या आऱ्याचाच हा शब्द. पर उघडला म्हणजे त्याच्या काड्या तुंब्यापासून निघालेल्या आऱ्यांप्रमाणे पसरतात, हे ज्याने पाहिले असेल त्याला या शब्दाची योग्यता पटेल.

‘मार्जारमीन’ हा शब्द मात्र इंग्रजीवरून बेतलेला आहे. इंग्रजांना या माशाच्या तोंडाभोवतीच्या मिशा पाहून मांजर आठवले. आपल्या कोळ्यांना व भोयांना ते आठवले नाही. त्यांनी पाहिला तो काटा. या माशांच्या पाठीवरील पराच्या आणि छातीजवळच्या दोन्ही परांच्या अग्रभागी एकेक कठीण, पुष्कळदा दातेरी काटा असतो. मासा भ्याला म्हणजे तो हे काटे ताठ उभारतो आणि सांध्याच्या रचनेमुळे ते तेथेच अडकून राहतात, बळाने दाबूनही मिटत नाहीत. जाळ्यातून मासा सोडविताना हाताला जखम होते ती यानेच. म्हणून शिंग असलेला तो शिंगाळा, आणि त्याच्याहून लहान ती शिंगटी. मिशीपेक्षा काट्यावरून दिलेले हे नाव ओळखीच्या दृष्टीने अधिक नेमके आहे असे माझे मत आहे. मिशा इतर कित्येक माशांना असतात, परंतु असा अडकून राहणारा काटा फार थोड्यांना.

ही दृष्टी मराठीपुरती मर्यादित नाही आणि नवीही नाही. अमरकोशाच्या वारिवर्गात ‘मद्गुर’ आणि ‘शृङ्गी’ ही दोन नावे येतात. मद्गुराचाच पुढे ‘मागूर’ किंवा ‘मांगूर’ झाला आणि शृंगीची बंगालीत ‘शिंगी’ झाली. कोशकाराने शृंगीला मद्गुराची प्रिया म्हटले आहे, म्हणजे एकाच माशाचे नर व मादी असा त्याचा समज दिसतो. समजाला कारण आहे. दोन्ही मासे लांबट, काळपट, खवले नसलेले, आठ मिशांचे आणि पाण्याबाहेर पुष्कळ वेळ तग धरणारे. दोघांचाही पोटाखालचा गुदपर लांबच लांब असतो. परंतु पाठीकडे पाहिले की भ्रम फिटतो. मागुराचा पृष्ठपर डोक्याच्या मागून सुरू होऊन जवळजवळ शेपटीपर्यंत जातो आणि त्यात साठ ते सत्तरच्या आसपास अर असतात. शिंगीचा पृष्ठपर बोटाच्या पेराएवढा, सहासात अरांचा, आणि त्याच्यामागे पाठ मोकळी. एक पर पाहिला असता तर हे जोडपे कोशात जुळले नसते. १८०३ मध्ये फ्रेंच प्रकृतिशास्त्रज्ञ लासेपेद याने मागुरांसाठी ‘मॅक्रोप्टेरोनोटस’ हे वंशनाम योजिले. त्याचा अर्थच ‘पाठीवर लांब पर असलेला’ असा आहे. पुढे हे नाव मागे पडून ‘क्लॅरियस’ रूढ झाले, हे थोडे दुर्दैवच म्हणावयाचे.

युरोपात पर हे वर्गीकरणाचे साधन बनविण्याचे श्रेय मुख्यतः पीटर आर्टेडी या स्वीडिश पंडिताला जाते. तो लिनियसचा विद्यार्थिदशेतील मित्र. १७३५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या कालव्यात बुडून तो ऐन तिशीत मरण पावला आणि त्याची मत्स्यविद्येची हस्तलिखिते लिनियसने १७३८ मध्ये छापून काढली. आर्टेडीने माशांचे जे मोठे गट पाडले त्यांपैकी बहुतेकांची नावे पराच्या ग्रीक शब्दावरून बनविलेली आहेत : मृदू पराचे, काटेरी पराचे, कूर्चेच्या पराचे, अशी. प्रत्येक माशाच्या वर्णनात प्रत्येक परातील अर मोजून आकडा देण्याची शिस्तही त्याचीच. लिनियसने १७५८ च्या ग्रंथात ती शिस्त उचलली आणि माशांचे गण ठरविताना श्रोणिपर कोठे आहे हा निकष धरला : श्रोणिपर नसलेले, गळ्याशी असलेले, छातीखाली असलेले आणि पोटावर असलेले.

असे असूनही ज्या माशाभोवती आपली ही कथा फिरावयाची आहे त्याच्या बाबतीत लिनियसची चूक झाली. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीतून युरोपात आलेला, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असलेला, खालच्या बाजूस चकतीसारखे तोंड असलेला हा मासा. लिनियसने त्याला ‘अ‍ॅसिपेन्सर प्लेकोस्टोमस’ असे नाव दिले. अ‍ॅसिपेन्सर म्हणजे स्टर्जन, ज्याच्या अंड्यांचा रशियात कॅव्हिआर करतात तो. चिलखतही तसेच, तोंडही खालीच, म्हणून ही जोडणी. मौज अशी की त्या ग्रंथात स्टर्जनची गणना माशांत नव्हे तर पोहणाऱ्या उभयचरांत केलेली आहे, त्यामुळे आपला मार्जारमीन काही वर्षे मासाच नव्हता. १७६६ च्या आवृत्तीत लिनियसने त्याला ‘लोरिकेरिया’ या चिलखती मार्जारमीनांच्या वंशात हलविले. लासेपेदने १८०३ मध्ये त्यासाठी ‘हायपोस्टोमस’, म्हणजे खाली तोंड असलेला, हा स्वतंत्र वंश निर्माण केला. ‘प्लेकोस्टोमस’ या शब्दाचा अर्थ घडी पडलेल्या तोंडाचा, आणि तो लिनियसच्याही आधी हॉलंडमधील ग्रोनोव्हियसने वापरलेला होता. तिन्ही नावांत कोठेही पराचा उल्लेख नाही. तोंड एवढे चमत्कारिक की पाहणाऱ्याची दृष्टी तेथेच खिळली.

पराकडे लक्ष गेले ते गयानात राहिलेल्या जॉन हॅनकॉक या इंग्रज वैद्याचे. त्याने १८२८ मध्ये या कुळातील एका माशाचे वर्णन करताना त्याला ‘मल्टिरेडिएटस’, म्हणजे बहुअरी, असे विशेषण दिले. १८४० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन याने दुसऱ्या एकाला ‘ड्युओडेसिमॅलिस’ म्हटले, ज्यात बारा हा आकडाच गोवलेला आहे. आणि १८५८ मध्ये अमेरिकेतील थिओडोर गिल याने, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्रिनिदाद बेटातील माशांवर लिहिताना, हाच बारांचा मासा आदर्श धरून ‘टेरिगोप्लिक्थिस’ हा वंश स्थापिला. पर, शस्त्र आणि मासा या तीन ग्रीक शब्दांचा हा समास उच्चारण्यास कठीण असला तरी अर्थाने अत्यंत सार्थ आहे. या माशाने पृष्ठपर उभारला म्हणजे तो एखाद्या गलबताच्या शिडासारखा दिसतो.

हायपोस्टोमस आणि टेरिगोप्लिक्थिस यांतील भेद आजही याच खुणेने ओळखला जातो, आणि तो इतका सोपा आहे की दहा वर्षांच्या मुलालाही शिकविता यावा. पृष्ठपराच्या अग्रभागीचा जाड काटा सोडून द्यावा आणि त्याच्यामागील फांद्या फुटलेले अर मोजावेत. शेवटचा अर पुष्कळदा मुळापासून दुभंगलेला असतो, तो एकच धरावा. हायपोस्टोमसमध्ये ही संख्या साधारणतः सात भरते. टेरिगोप्लिक्थिसमध्ये ती नऊच्या खाली येत नाही आणि बहुधा दहा ते चौदांच्या दरम्यान असते. बोटाएवढे पिल्लू असले तरी संख्या तीच राहते, कारण वाढीबरोबर अर लांबतात, नवे फुटत नाहीत. अडचण एवढीच की टाकीतील मासा काचेला चिकटून स्वस्थ बसला म्हणजे पर मिटून घेतो. तो उघडेपर्यंत थांबण्याइतका धीर मोजणाऱ्याजवळ पाहिजे.

येथे थोडे विषयांतर करून दख्खनकडे वळतो, कारण याच काळात आपल्या नद्यांवरही हेच काम चालू होते. मुंबई सरकारने सांख्यिकी माहिती जमविण्यासाठी नेमलेला विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी भीमा व मुळामुठा यांच्या खोऱ्यांत हिंडत होता. त्याने जमविलेल्या माशांची वर्णने १८३९ ते १८४१ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन याने जे बंगालीचे केले तेच साइक्सने मराठीचे केले : भोयांच्या तोंडची नावे तशीच्या तशी उचलून लॅटिन पद्धतीच्या नावात दुसऱ्या स्थानी बसविली. त्याच्या यादीत ‘सीनघाला’ आहे, ‘सीनगटी’ आहे, ‘गूनगवारी’ आहे, ‘ताकरी’ आहे, ‘इचकीआ’ आहे. इंग्रजी लेखनाच्या धुक्यातून शिंगाळा आणि शिंगटी स्पष्ट ओळखू येतात. रोमन लिपीत ‘ळ’ला जागा नसल्यामुळे शिंगाळ्याचा ‘घाला’ झाला एवढेच.

यापेक्षा विशेष गोष्ट पहिल्या स्थानाची आहे. साइक्सने वंशनामे घेतली ती बहुतेक दक्षिण अमेरिकेतील माशांसाठी बनविलेली. ‘फ्रॅक्टोसेफॅलस’ हा वंश आगासिझने १८२९ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या त्या प्रचंड लाल शेपटीच्या मार्जारमीनासाठी योजिला होता, जो आज जगभरच्या मोठ्या मत्स्यालयांतून ठेवला जातो. साइक्सने भीमेचा बोटभर ‘इचकीआ’ त्याच वंशात घातला. शिंगाळ्याला त्याने ‘प्लॅटिस्टोमा’ हे अ‍ॅमेझॉनी आडनाव दिले. नावाचा पूर्वार्ध अ‍ॅमेझॉनचा आणि उत्तरार्ध पुण्याच्या नदीकाठचा, असा हा संकर होता. पुढील शास्त्रज्ञांनी परांची मापे घेऊन पूर्वार्ध बदलले. शिंगाळा आज ‘स्पेराटा’ वंशात आहे आणि शिंगटी ‘मिस्टस’ वंशात. परंतु मराठी उत्तरार्ध नियमाप्रमाणे कायम राहिले. शिंगटीचे नाव तर बराच काळ हॅमिल्टनच्या ‘कॅव्हेशियस’ या गंगेच्या जातीत विलीन झाले होते, ते अलीकडे पुन्हा स्वतंत्र मानले जाऊ लागले आहे. या दोन वंशांचे मासे ओळखतानाही आधी पाठीवरच नजर जाते. पृष्ठपराच्या मागे, अर नसलेला, चरबीने भरलेला जो मऊ पर असतो त्याला वसापर म्हणतात. शिंगटीमध्ये तो पृष्ठपराच्या अगदी मागून सुरू होऊन दूरवर पसरतो. शिंगाळ्यामध्ये त्याच्या मागील टोकाशी एक काळा ठिपका असतो. शिवड्याला वसापर मुळीच नाही. फ्रान्सिस डे याने १८७५ ते १८७८ या काळात भारतीय माशांवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा प्रत्येक जातीच्या माथ्यावर परांच्या अरांचे सूत्र एका ओळीत दिले. संस्कृत व्याकरणातील सूत्रांप्रमाणे ती ओळ ज्याला वाचता येते त्याला पुढील परिच्छेदाची फारशी गरज उरत नाही.

आता बाजाराकडे. दक्षिण अमेरिकेतील चिलखती मासे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपातील टाक्यांतून दिसू लागले होते. विसाव्या शतकात विमानवाहतूक सुरू झाल्यावर त्यांची आयात अनेक पटींनी वाढली. काचेवरील शेवाळ खाऊन टाकी स्वच्छ ठेवणारा म्हणून तोंडाने चिकटणारा मासा विशेष खपू लागला. त्या काळी शास्त्रीय ग्रंथांतूनही, उदाहरणार्थ इंग्लंडमधील रीगनच्या १९०४ च्या प्रबंधात, ‘प्लेकोस्टोमस’ हे वंशनाम म्हणून वापरात होते. व्यापाऱ्यांनी तेच उचलले, त्याचा ‘प्लेको’ केला, आणि चिकटणाऱ्या प्रत्येक माशाला तो लावला. शास्त्राने पुढे ‘हायपोस्टोमस’ हेच नाव ग्राह्य ठरविले. लायडनच्या बूसेमान याने १९६८ मध्ये सुरिनाममधील या वंशाच्या जातींची तपासणी केली, आणि लिनियसचा मूळ प्लेकोस्टोमस नेमका कोणता याचा सविस्तर निर्णय वेबर, कोव्हेन व फिश-मुलर यांनी २०१२ मध्ये, म्हणजे नामकरणानंतर २५४ वर्षांनी, दिला. सुरिनामच्या आसपासची ही जात बाजारात क्वचितच येते. दुकानांतून ‘प्लेको’ म्हणून विकला जाणारा मासा बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस असतो. आपल्याकडच्या दुकानांतून त्यालाच ‘सकर’ म्हणतात. म्हणजे नाव एकाचे, मासा दुसऱ्याचा, आणि ज्याचे नाव तो बाजारात नाहीच. अर्थविस्ताराची उदाहरणे भाषेत पुष्कळ असतात. परंतु मूळ अर्थ पूर्णपणे नाहीसा होऊन केवळ विस्तार शिल्लक राहावा, हे विरळाच.

जर्मन छंदिष्टांना हा गोंधळ सहन होईना. अ‍ॅमेझॉनच्या उपनद्यांतून दरवर्षी नवे चिलखती मासे येत, त्यांना शास्त्रीय नावे मिळण्यास वर्षानुवर्षे लागत, आणि मधल्या काळात प्रत्येक व्यापारी आपले नाव ठोकून देई. ‘डाट्झ’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन मासिकाने १९८८ मध्ये यावर तोडगा काढला. लोरिकेरिइडी या कुळनामाचे आद्याक्षर ‘एल’ घ्यावे, त्यापुढे क्रमांक घालावा, छायाचित्र व नदीचे नाव द्यावे, आणि शास्त्रज्ञाचा निर्णय होईपर्यंत तेवढ्यावर काम चालवावे. पुढे ‘कोरिडोरस’ या लहान चिलखती माशांसाठीही ‘सी’ अक्षराची अशीच मालिका निघाली. एल-क्रमांक आता पाचशेच्या घरात गेले आहेत. भाषेच्या दृष्टीने ही व्यवस्था मोठी विचार करण्याजोगी आहे. क्रमांक काहीच वर्णन करीत नाही, म्हणून तो खोटेही बोलत नाही. ‘बहुअरी’ म्हटल्यावर मोजून पाहता येते आणि चूक पकडता येते. ‘एल ०४६’ म्हटल्यावर फक्त छायाचित्राशी ताडून पाहावे लागते. त्यामुळे एकाच जातीला दोन क्रमांक मिळण्याचे प्रसंग आले. झिंगू नदीतील काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा प्रसिद्ध मासा, ज्याला १९९१ मध्ये ‘हायपॅन्सिस्ट्रस झीब्रा’ हे नाव मिळाले, तो ०४६ आणि ०९८ या दोन्ही क्रमांकांखाली नोंदलेला आहे. उंच शिडासारख्या पराचा टेरिगोप्लिक्थिस गिबिसेप्स ०८३ आणि १६५ या दोन क्रमांकांवर आहे.

पर पाहिला की सर्व प्रश्न सुटतात असे मात्र कोणी समजू नये. कोरिडोरस माशांच्या कुळात ‘ब्रॉकिस’ नावाचा वंश अमेरिकन शास्त्रज्ञ कोप याने १८७१ मध्ये स्थापिला होता. कोरिडोरसच्या पृष्ठपरात काट्यामागे सातआठ अर, ब्रॉकिसमध्ये दहा ते अठरा, असा सरळ हिशेब होता, आणि मत्स्यालयाची पुस्तके शंभर वर्षे तोच सांगत राहिली. यातही एका जातीचे नाव १९६० मध्ये ‘मल्टिरेडिएटस’ असे ठेवले गेले, हॅनकॉकच्या माशाचे जणू नामबंधूच. २००३ मध्ये ब्राझीलच्या ब्रिटो याने सांगाड्यांच्या तुलनेवरून ब्रॉकिस हा वंश कोरिडोरसमध्ये विलीन केला. अधिक अर ही एका वंशाच्या पोटातच उद्भवलेली गोष्ट ठरली. नंतर २०२४ मध्ये जनुकीय व शारीरिक पुरावा एकत्र करून या उपकुळाचे सात वंश पाडण्यात आले. त्यांत ब्रॉकिस पुन्हा उभा राहिला, पण आता त्यात सातआठ अरांचे, लांब नाकाडाचे कितीतरी मासे आले आहेत. म्हणजे नाव परत आले आणि ज्या खुणेवर ते उभे होते ती खूण गेली. टाकीत मासा पाळणाऱ्याला आपल्या बहुअरी माशांची जात ओळखण्यास अर अजूनही पुरतात. वंश ओळखण्यास पुरत नाहीत.

टेरिगोप्लिक्थिसच्या वंशातही असाच इतिहास घडला. वेबरने १९९१-९२ मध्ये त्याचे तीन वंश केले आणि आर्मब्रस्टरने काही वर्षांतच ते पुन्हा एकत्र आणले. तेथे मात्र परातील अरांची खूण टिकून राहिली. शिवाय पाळीव वाणांची गोष्ट वेगळीच आहे. मिशीऐवजी नाकावर मांसल शाखा असलेल्या ‘अ‍ॅन्सिस्ट्रस’चे लांब पराचे वाण बाजारात मिळतात. त्यांचे पर बुरख्यासारखे लोंबतात, परंतु अर मोजले तर संख्या मूळचीच निघते. लांबी माणसाने निवडपैदाशीने वाढविली आहे, संख्या त्याच्या हाती लागलेली नाही. ‘जात’ आणि ‘वाण’ हे मराठीतील दोन वेगळे शब्द येथे उपयोगी पडतात आणि ते काटेकोरपणे वापरले पाहिजेत. आपल्या मत्स्यविषयक लेखनात ते सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

हा सगळा शब्दांचा खेळ वाटेल, परंतु तो तसा नाही. दुकानात बोटाएवढा असलेला सकर मासा दीड फुटाच्या आसपास वाढतो. टाकी अपुरी पडली की मालक दयेने किंवा कंटाळ्याने त्याला नदीत, तळ्यात सोडून देतो. फ्लॉरिडा, मेक्सिको, फिलिपाइन्स, बांगलादेश येथे अशा रीतीने त्याच्या वसाहती झाल्या. भारतात केरळचे कालवे, पूर्व कोलकात्याच्या पाणथळी आणि इतर अनेक राज्यांतील गोडी पाणी यांतून तो आढळला आहे, आणि महाराष्ट्रातील जलाशयांतूनही त्याच्या नोंदी आहेत. त्याला येथे खाणारे फारसे कोणी नाही. विणीसाठी नर काठाच्या मातीत खोल बिळे कोरतो, त्यामुळे बांध ढासळतात. आणि ज्या काट्यावरून आपण शिंगाळ्याला नाव दिले त्याच प्रकारच्या काट्यांनी आणि खरखरीत चिलखताने जाळी फाटतात. दिवसभर पाण्यात राहून शेवटी विकत न जाणारे मासे आणि फाटलेले जाळे घेऊन परतणाऱ्या मच्छीमाराला हा प्रश्न नामकरणाचा वाटण्याचे कारण नाही. तरीही त्याच्या मुळाशी नावाचा घोळ आहे.

कारण असे की या वसाहती कोठून आल्या, केव्हा पसरल्या, कोणत्या जातीच्या आहेत हे जाणावयाचे तर जुन्या नोंदींवर विसंबावे लागते, आणि त्यांतील कित्येक नोंदी दुकानदारी नावानेच केलेल्या आहेत. भारत आणि बांगलादेश येथील काही नोंदींत ‘हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस’ असे स्वच्छ लिहिलेले आढळते, परंतु छायाचित्रातील मासा शिडासारखा पर उभारून बसलेला असतो. सर्वच नोंदी चुकीच्या मानाव्या असेही नाही. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ नदीत खरोखरच दोन्ही वंशांचे मासे सुटलेले आहेत, तेव्हा तेथे प्रत्येक नोंद वेगळी तपासावी लागते. पराने वंश ठरला तरी जात ठरत नाही. आशियात मुख्यतः पसरलेल्या ‘पार्डेलिस’ व ‘डिसजंक्टिव्हस’ या जाती पोटावरील नक्षीवरून, म्हणजे सुट्या ठिपक्यांवरून की जुळून गेलेल्या नागमोडी रेषांवरून, ओळखावयाच्या असतात, आणि दोन्हींच्या मधली नक्षी असलेले मासे इतके सापडतात की संकराची शंका घेतली जाते. मागुराच्या बाबतीतही असेच आहे. बाजारात ‘थाई मांगूर’ म्हणून ओळखला जाणारा मासा वस्तुतः आफ्रिकेतील ‘क्लॅरियस गॅरिपाइनस’ होय. थायलंड हा त्याच्या प्रवासातील एक मुक्काम. आपल्या देशी मागुराप्रमाणेच त्याचाही पृष्ठपर लांब असल्यामुळे येथे परावर विसंबून चालत नाही, डोक्याच्या कवटीच्या मागील कडेचा आकार पाहावा लागतो.

संग्रहालयांत मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यांचे रंग लवकर उडतात. ठिपके पुसट होतात, पट्टे नाहीसे होतात, पोटावरील नक्षीवरून वाद घालणे अशक्य होते. पृष्ठपर मात्र तसाच राहतो आणि चिमट्याने हलकेच उलगडला तर शंभर वर्षांनंतरही त्यातील अर मोजता येतात. ज्या जुन्या सर्वेक्षणांनी नावाबरोबर नमुना जपून ठेवला, किंवा निदान परांचे सूत्र लिहून ठेवले, त्यांच्या नोंदी नाव चुकलेले असले तरी आज दुरुस्त करता येतात. ज्यांनी केवळ ‘प्लेको’ किंवा ‘सकर’ एवढेच लिहिले त्यांच्या नोंदीतून तो मासा कोणता होता हे आता कोणालाही सांगता येणार नाही.